खरचटलं तर आधी नळ
गुडघा खरचटला की नुसतं डेटॉल ओतू नकोस गं, कातडी पोळते. आधी स्वतःचे हात धू, मग जखम नळाखाली धर, चांगली ५ मिनिटं. साबण फक्त कडेने. खडीचे बारीक काळे कण आत दिसले, तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने अलगद काढ. रक्त येतच असेल तर स्वच्छ कापड १० मिनिटं दाबून ठेव, मध्येमध्ये उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी नकोच. वर पट्टी, ओली झाली की बदल.

आणि मुंबईत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून जखमेसकट चालली असशील, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती खरी आहे. तापाची वाट बघू नकोस, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखव. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तेव्हाच विचार.