बाबांसाठी ई-रीडर: आधी पुस्तकं कुठून येणार ते बघा

प्रश्न: नमस्कार दादा, बाबांना वाचनाचं भयंकर वेड आहे पण आता ६८ वय झालं, बारीक टाइप दिसत नाही आणि मोबाईलवर वाचलं की अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात. त्यांच्यासाठी ई-रीडर घ्यायचाय. किंडल, कोबो, पॉकेटबुक, बूक्स सगळं बघून डोकं भंजाळलंय. मराठी-इंग्रजी दोन्ही वाचतात, शिवाय त्यांच्याकडे जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या खूप पीडीएफ आहेत. कुठला घेऊ? रंगीत घ्यावा का?

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट, स्क्रीनवरून ब्रँड निवडायला जाऊ नका. या सगळ्यांची स्क्रीन ई-इंकचीच असते, म्हणजे आत काळे-पांढरे बारीक कण असतात, ते वीज दिली की वर-खाली होतात आणि मग तसेच राहतात, त्यामुळे बॅटरी मुख्यतः पान उलटताना आणि लाइटलाच लागते आणि आठवडेच्या आठवडे चालते. लाइटही मोबाईलसारखा मागून डोळ्यात येत नाही, कडेच्या दिव्यांमधून पानावर पसरतो. बाबांच्या डोळ्यांना आराम यापैकी कुठल्याही मशीनवर पडेल. फक्त ३०० पीपीआयचं (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, अक्षर रेखीव दिसतं) आणि लाइट पिवळसर करता येईल असं मॉडेल घ्या, रात्रीच्या वाचनाला फार बरं पडतं.

खरा फरक पुस्तकं कुठून येणार यात आहे, आणि माझा सगळा जोर यावरच आहे. किंडलच्या दुकानातलं कुलूपबंद, म्हणजे दुसरीकडे कॉपी करता येऊ नये म्हणून कंपनीने बांधलेलं, पुस्तक कोबोवर उघडत नाही आणि कोबोचं कुलूपबंद पुस्तक किंडलवर उघडत नाही, म्हणजे पहिली वीस-पंचवीस पुस्तकं घेतली की तुम्ही त्या कंपनीशी बांधलेच गेलात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून आहेत, बाबा मुख्यतः विकत घेऊन वाचणार असतील तर तुम्हाला हवी ती दहा नावं तिथे शोधून बघा, सात-आठ सापडली तर किंडलच घ्या, सोपं पडेल. कोबो आणि पॉकेटबुकवर ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा एक नेहमीचा प्रकार) फाइल केबलने टाकली की झालं, बदलून घ्यायची गरज नाही. किंडलवर २०२२ पासून ईपब पाठवता येते, पण ती त्यांच्या सेवेतून बदलून येते. आणि २६ फेब्रुवारी २०२५ ला किंडलने विकत घेतलेली पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय बंद केली, याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण पैसे मोजलेल्या पुस्तकाची एक प्रत आपल्या हातात असावी ही काही फार मोठी अपेक्षा नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुक दुकान बंद केलं तेव्हा लोकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली ती गेलीच आणि त्यात केलेल्या खुणा-टिपाही गेल्या. म्हणून बिनकुलपाची मिळतील ती पुस्तकं आधी घ्या आणि वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे.

बूक्स अँड्रॉइडवर चालतं, त्यात किंडल आणि कोबो दोन्हींची ॲप्स टाकता येतात, ऐकायला फार छान वाटतं. पण सेटिंगा खूप, बॅटरीही इतरांपेक्षा लवकर उतरते. ज्यांना नुसतं उघडून वाचायचंय त्यांच्या हातात मी ते देणार नाही.

आता पीडीएफ. इथे बरेच लोक फसतात. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो, त्यातली अक्षरं मोठी होत नाहीत, पानच झूम करावं लागतं. आईसाठी मी सहा इंची घेतला होता, ती एक ओळ वाचायला पान डावीकडे सरकवायची, मग उजवीकडे, तेवढ्यात खालची ओळ निसटायची, चार दिवसांत तिने तो कपाटात ठेवला. तीच आई मोठ्या फॉन्टमधलं साधं ई-पुस्तक त्याच मशीनवर तासनतास वाचते! तेव्हा पीडीएफच जास्त वाचायच्या असतील तर दहा इंचाच्या आसपासचा घ्या, किंडल स्क्राइब, कोबो एलिप्सा, पॉकेटबुक आणि बूक्सचीही मोठी मॉडेलं आहेत. फक्त ते जड असतात, झोपून वाचणाऱ्याचा हात भरून येतो.

देवनागरीचं दुकानातच तपासा. एक छोटी फाइल बनवून न्या, त्यात ‘वाऱ्यावर’, ‘राष्ट्र’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शृंगार’, ‘सूर्य’ असे शब्द टाका आणि फॉन्ट सगळ्यात मोठा करून बघा, जोडाक्षर फुटलं किंवा रफार भलतीकडे गेला तर लगेच दिसेल. किंडल आणि कोबो दोन्हींवर आपला युनिकोड फॉन्ट ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकता येतो, जाडसर अक्षराचा टाका.

रंगीत नको. रंगासाठी स्क्रीनवर एक फिल्टर असतो, त्याने पान जरा काळपट दिसतं आणि रंगातली बारकाई कोबोच्या रंगीत मॉडेलवर ३०० ची १५० पीपीआय होते. कादंबऱ्या वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग, आणि कमी दिसणाऱ्याला तर पांढरं पान आणि काळं अक्षरच हवं.

अजून एक, पान उलटायचं बटण. वयानुसार बोटं कोरडी पडतात, टच नीट लागत नाही, नाहीतर जरा दाबून धरलं गेलं की डिक्शनरीच उघडते. कोबो लिब्रा आणि पॉकेटबुकच्या बऱ्याच मॉडेलना बटणं आहेत, किंडलचं बटणवालं ओॲसिस २०२४ मध्ये बंद झालं.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं, बाबांकडे स्वतःच्या फाइली बऱ्याच आहेत, तर बटणवाला सात इंची कोबो लिब्रा किंवा पॉकेटबुक बघा, पण लिब्रा आता रंगीतच येतो तेव्हा त्याचं पान शेजारी काळं-पांढरं मॉडेल ठेवून बाबांनाच दाखवा. स्कॅनच्या पीडीएफ त्यांना रोज लागतात की कधीमधी, तेही एकदा विचारून घ्या, रोज लागत असतील तर मात्र थेट दहा इंची.