जुलाबात नुसतं मीठपाणी का चालत नाही?

तुम्ही विचारलंय की जलसंजीवनीत (ओआरएस) साखर ताकदीसाठी घालतात का, आणि नुसतं मीठपाणी पाजलं तर काय बिघडतं. ताकदीचा भाग अगदी किरकोळ आहे. साखर असते ती मीठ आत ओढायला, आणि हे घडतं आतड्याच्या पेशीपटलात.

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. मधला भाग तेलकट. ऑक्सिजन त्यातून सहज जातो, पण सोडियमचा भारित आयन किंवा ग्लुकोज अडतो. त्यांची ने-आण पटलात रुतलेली प्रथिनं करतात.

लहान आतड्याच्या पेशीवर, अन्नाच्या बाजूला, एसजीएलटी-1 हे प्रथिन असतं. त्यात 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज बसले की त्याचं बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं, आणि दोघं एकदम पेशीत उतरतात. मागोमाग पाणी जातं. याला जोर मिळतो पलीकडच्या, रक्ताच्या बाजूच्या पंपामुळे: एक एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तो 3 सोडियम बाहेर टाकतो, 2 पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि बाहेरचं आत यायला बघतं.

कॉलऱ्याचं विष क्लोराइडच्या वाटा सताड उघडतं, पाणी आतड्यात धो-धो येतं. नुसतं मीठ शोषणारी वाटही ते बंद पाडतं. एसजीएलटी-1 मात्र शाबूत राहतं! 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच भरवशावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले.

आता प्रमाण. सध्याच्या सूत्रात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेट. मीठ आणि सायट्रेट मिळून सोडियम 75 मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं माप), ग्लुकोजही तेवढंच. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच, 5 मिलीचा. घरची साखर चालते, कारण आतड्यातलं विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं.

बिघडतं ते इथे: चव यावी म्हणून साखर वाढवली, की न शोषलेली साखर उलट पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकचं तेच, वर त्यात सोडियम नगण्य. लिटरचं पाकीट अर्धं-अर्धं करून पेल्यात ढवळू नका. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरात घाला. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक चढतं. कालवलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या.

उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पिणंच थांबलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट न बघता दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा, मूल शुद्धीत असून गिळत असेल तरच.