डीव्हीडी रायटर घेताना

आता मिळणारा जवळजवळ प्रत्येक रायटर प्लस (डीव्हीडी+आर) आणि मायनस (डीव्हीडी-आर) दोन्ही प्रकारच्या डिस्क लिहितो, त्यामुळे त्यात अडकू नका. डेस्कटॉपला साटा (संगणकाच्या आतल्या) जोडणीचा घ्या. लॅपटॉपला यूएसबीचा, पण तो हबमध्ये (एका यूएसबीच्या अनेक जागा करणाऱ्या जोडात) लावू नका. वीज कमी पडली की बर्न (डिस्कवर लिहिणं) अर्ध्यात तुटतं आणि डिस्क वाया जाते.

खरा घोळ डिस्कचा. जुन्या प्लेअरवर चालवायचं असेल तर डीव्हीडी-आर घ्या. प्लस आर घेतलीत, तर रायटरमध्ये सोय असल्यास बुकटाइप (डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करा, प्लेअर सहसा कुरकुरत नाही. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, म्हणून जुने प्लेअर ती नाकारतात. ती चाचणीपुरतीच बरी. ड्युअल लेअर (दोन थरांची, जास्त मावणारी) हवी तर प्लस आर डीएल.

४.७ जीबीची डिस्क विंडोज ४.३७ दाखवतं, फसवणूक नाही, मोजणी वेगळी. ४ जीबीहून मोठी एकच फाइल असेल तर यूडीएफ (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) निवडा.

१६एक्सची (१६ पट वेगाची) डिस्क ८एक्सने लिहा, व्हेरिफाय (लिहिलेलं तपासणं) चालू ठेवा, शेवटी फायनलाइज करा, म्हणजे डिस्कचं लिखाण पूर्ण करून ती बंद करा. फायनलाइज राहिलं, तर प्लेअर बहुधा डिस्क ओळखतच नाही. अगदी १एक्सने लिहिण्याचा हट्टही नको. नव्या डिस्क त्या वेगासाठी बनवलेल्याच नसतात.