रात्रीच्या खाण्याचं मूळ सकाळी

प्रश्न : सकाळचा नाश्ता मी टाळते, दुपारी मोजकंच खाते. पण रात्री दहानंतर भूक नसतानाही बिस्किटं, चॉकलेट, जे दिसेल ते खात सुटते. मग स्वतःचीच चीड येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच खात नाही. मनोनिग्रह कसा वाढवू?

उत्तर : मनोनिग्रह तुमच्याकडे भरपूर आहे. दिवसभर अर्धपोटी काम करायला तोच लागतो. रात्री दहाला तुम्हाला भूक नसते असं तुम्ही म्हणता, पण सकाळपासूनचा हिशेब पाहिला तर तेव्हा शरीराला खरोखरच अन्न हवं असतं. त्यात दिवसभराचा थकवा मिसळला की भूक आणि थकवा वेगळे ओळखू येत नाहीत.

अपुऱ्या आहाराचा मनावर काय परिणाम होतो, हे मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांच्या प्रयोगात दिसलं होतं. शरीराने आणि मनाने धडधाकट अशा ३६ तरुणांना जवळपास सहा महिने नेहमीच्या साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. ते चिडचिडे आणि उदास झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले. पुन्हा पुरेसं मिळू लागल्यावरही काही जणांना पोट भरल्यावर थांबता येईना.

दुसरं कारण म्हणजे कडक नियम. ‘गोड अजिबात नाही’ असं ठरवलं की एका बिस्किटाने नियम मोडतो आणि मन म्हणतं, ‘आजचा दिवस गेलाच, उद्यापासून बघू.’ हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांच्या १९७५च्या प्रयोगात, एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी आधी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी नव्हे, उलट जास्त खाल्लं.

म्हणून सुरुवात सकाळपासून करा. उठल्यापासून तासाभरात नाश्ता, दिवसात तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं. जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. रात्री कितीही खाल्लं असलं तरी दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवायचा नाही. हेच सगळ्यांत अवघड जातं, कारण तेव्हा भूकही नसते आणि अपराधीपणा असतो. थोडंसंच खा, पण खा. सगळं इथेच फिसकटतं : सकाळची शिक्षा म्हणजेच रात्रीच्या खाण्याची तयारी.

सोबत एक वही ठेवा. वेळ, काय खाल्लं, कुठे आणि त्याआधी मनात काय होतं, एवढंच लिहायचं. कॅलरी नकोत. खाल्ल्याबरोबर लिहा; झोपताना लिहिलं तर नुसता पश्चात्ताप उतरतो. ‘९.५०, स्वयंपाकघरात उभ्याने, पाच बिस्किटं, दिवसभरात आत्ता पहिल्यांदा निवांत’ अशी नोंद तीनदा दिसली, तर तुम्हाला विसावा हवा आहे हे कळतं. मग तो संध्याकाळी सातला, खाण्याविना मिळेल अशी सोय करा. एकटेपणा असेल तर कुणाला तरी फोन करा, झोप अपुरी असेल तर ती आधी भरून काढा. कमी झोपेने घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक (हार्मोन) वाढतं. ‘खावंसं वाटलं की पाणी प्या’ हा सल्ला एकटेपणावर चालत नाही.

तलफ आली की वीस मिनिटांचा गजर लावा. बहुतेकदा ती चढते आणि ओसरते. नाही ओसरली तर ताटलीत वाढून, बसून, फोन बाजूला ठेवून खा. थांबणं म्हणजे बंदी नव्हे. बंदी केलीत तर वरचा नियमांचाच खेळ पुन्हा सुरू होईल. आणि वाईट दिवशी वही मिटू नका, त्याच दिवसाची नोंद सर्वांत कामाची असते.

प्रश्न : ताण आला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, भाऊ मात्र सतत खातो. असं का?

उत्तर : अचानक आलेल्या ताणात अ‍ॅड्रिनलिनमुळे भूक मरते, जठराचं काम मंदावतं. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि अनेकांना गोड, तेलकट खावंसं वाटतं. कुणाचा कल कुठे, हे प्रकृतीवर आणि लहानपणी लागलेल्या सवयींवरही अवलंबून. तुम्ही भुकेची वाट पाहू नका, घड्याळ पाहून दर तीन तासांनी मऊ किंवा पातळ असं थोडं घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ असंच चाललं, वजन उतरत गेलं किंवा मन उदास राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलीच्या गादीखाली खाऊची रिकामी वेष्टनं सापडली. तिच्याशी कसं बोलू?

उत्तर : जेवणाच्या टेबलावर नको, आणि वजनाचा विषय तर मुळीच नको. खाऊ कुलुपात ठेवलात तर लपवणं वाढेल. एकांतात सांगा, ‘वेष्टनं दिसली. मी रागावले नाहीये. हल्ली तुझं कसं चाललंय, ते ऐकायचंय.’ मग गप्प राहा; ती लगेच बोलणार नाही, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

दोनेक तासांत खूप खाणं, थांबताच न येणं, आणि हे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होणं, हा अनावर खाण्याच्या विकाराच्या (बिंज ईटिंग) निदानाचा एक निकष आहे. पण मदतीसाठी तीन महिने थांबायची गरज नाही, मानसोपचारतज्ज्ञांना आधीच भेटा. ती मुद्दाम उलट्या करत असेल, जुलाबाची औषधं घेत असेल, तिला चक्कर येत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर तिला एकटं न सोडता तडक रुग्णालय गाठा.