बाहुलीघराच्या किटमधील जिना दुसऱ्या खोलीत हलवता येईल का?

१:१२ प्रमाणाच्या (खऱ्या घराच्या एक-बारांश मापाच्या) किटमधील जिना आणि त्यालगतची भिंत दुसऱ्या खोलीत हलवता येते, मात्र सगळी कापाकापी घर चिकटवण्यापूर्वी करावी. बहुतेक किटमध्ये आतली भिंत खाचेत बसून वरचा मजला पेलते. त्यामुळे ती काढल्यास तेथे तुळईसारखी लाकडी पट्टी दिल्याशिवाय मजला मधोमध झुकण्याची शक्यता राहते.

खरी अडचण जिन्याच्या लांबीची असते. मजल्यापासून मजल्यापर्यंतची उंची २४० मिमी असेल आणि प्रत्येक पायरी १६ मिमी उंच ठेवली, तर १५ चढ होतात. शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर पोहोचत असल्याने २१ मिमी रुंदीच्या १४ पायऱ्यांना २९४ मिमी जागा लागते. एवढी जागा नसल्यास पायऱ्या अरुंद करून जिना शिडीसारखा उभा करण्यापेक्षा मध्ये चौकोनी टप्पा देऊन तो काटकोनात वळवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. वरच्या मजल्यातील भोकही त्यानुसार मोठे कापावे, कारण चढणाऱ्या बाहुलीसाठी प्रत्येक पायरीपासून वर सुमारे १७० मिमी मोकळी उंची राहिली नाही, तर जिना खोटा वाटतो.

आधी पुठ्ठ्याचा नमुना मास्किंग टेपने बसवून पाहावा. जुन्या खाचा लांबीने (पुट्टीने) भरून घासाव्यात आणि भिंतींचा कागद व दिव्यांच्या तारा लावून झाल्यावरच जिना चिकटवावा.