वाहन ‘थांबवणे’ आणि ‘उभे करणे’

शिकाऊ परवान्याच्या चाचणीत एका चिन्हाखाली ‘वाहन थांबवू नये’ आणि ‘वाहन उभे करू नये’ असे दोन पर्याय होते. दोन्ही एकच, मग एक चूक कसा, असे एका वाचकाने विचारले आहे.

एकच नाहीत. निळ्या वर्तुळावर एक तिरपी लाल रेघ म्हणजे वाहन उभे करू नये. लाल फुली असेल तर क्षणभर थांबवूही नये. रस्त्यावरील चिन्हांच्या १९६८च्या व्हिएन्ना करारात हा भेद स्पष्ट आहे: माणसांच्या चढउतारापुरते किंवा माल भरण्या-उतरवण्यापुरते थांबणे वेगळे, पार्किंग वेगळे. पण तुमचा गोंधळ रास्त आहे. प्रवासी उतरेपर्यंत गाडी उभीच असते की! पार्किंगला मराठीत ‘गाडी लावणे’ हा नेमका शब्द प्रत्येकाच्या तोंडी असताना तो पाटीवर का चालत नाही? शिवाय पाटीवर लिहितात ‘वाहने उभी करू नये’! वाहने अनेक, तर ‘नयेत’ हवे. ही चूक वाचून वाचून डोळे शिणले.

‘उभा’ आला ‘ऊर्ध्व’वरून, प्राकृत ‘उब्भ’मार्गे. खरी गंमत ‘थांबणे’मध्ये आहे. त्याचे मूळ ‘स्तम्भ्’. ‘स्तब्ध’ त्याच धातूचे. म्हणजे थांबणे म्हणजे खांबासारखे निश्चल होणे. मग ‘खांब’ही ‘स्तम्भ’चाच? प्राकृताचे जुने व्याकरणकार वररुची आणि हेमचंद्र तसेच सांगतात, आणि आजही कित्येक जण तेच गिरवतात. मला ते साफ अमान्य आहे. ‘स्त’चा ‘थ’ होतो: स्तन, थान. ‘ख’ होतो तो ‘स्क’चा: स्कन्ध, खांदा. ‘स्तम्भ’पासून ‘खांब’ काढायला एका शब्दापुरता वेगळा नियम करावा लागतो, आणि तो या व्याकरणकारांनी केलाही. कशासाठी? अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात विश्वाला आधार देणारा ‘स्कम्भ’ उभा आहे. खांब त्याचा. प्राकृताचे व्याकरण लिहिणाऱ्या जर्मन पंडित पिशेलनेही हेच म्हटले आहे. एका अर्थाचे दोन जुने शब्द मराठीने जपले. एकाचे क्रियापद झाले, दुसऱ्याचे नाम.

‘थांबा’ मात्र दोन्हीकडे आहे. लाल अष्टकोनी पाटीवर तो आज्ञार्थ. बसचा थांबा हे नाम, म्हणून ‘थांब्यावर’. ‘ठेवणे’चेही तसेच: वस्तू ठेवा, आणि पूर्वजांचा ठेवा.