दादरला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे आईच्या खालच्या दाढेचं इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून लावायचा कृत्रिम दात) ठरलंय. ती खूप घाबरते, शुगरही आहे. पूर्ण भूल द्यावी लागेल का?

नाही. एका इम्प्लांटला जागा बधिर करणारं इंजेक्शन पुरतं. सिडेशनने, म्हणजे गुंगीच्या औषधाने, भीती कमी होते, दुखणं नाही. म्हणून ते घेतलं तरी हे इंजेक्शन लागतंच.

आईंसाठी आधी नायट्रस ऑक्साइड या गुंगी आणणाऱ्या वायूचं विचारा. नाकावरच्या मास्कमधून देतात, शेवटी ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत उतरतं. शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध द्यायचं असेल, तर भूलतज्ज्ञ आणि बोटाला ऑक्सिमीटर हवाच. त्याआधी 6 तास जेवण बंद, पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं तर साखर धोकादायक उतरते, तेव्हा त्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. परतताना लोकल नको, टॅक्सी करा आणि रात्रभर कुणीतरी सोबत राहा.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, आधी तपासा. 8 टक्क्यांच्या वर असेल तर थांबलेलं बरं, कारण जखम उशिरा भरते आणि स्क्रू हाडात नीट रुजत नाही. खालच्या जबड्यात रुजायला साधारण 3 महिने लागतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.